गुडघा बदलल्यावर टाक्यांच्या बाहेरची बाजू बधीर, 'नस कापली' म्हणतात. आता दुसरा गुडघा करायचा का?

साताऱ्याची_लेक:

नमस्कार मंडळी, जरा मोठं झालंय पण वाचा प्लीज.

आई ६७ वर्षांची, साताऱ्याला असते, मी पुण्यात नोकरीला. तिचा डावा गुडघा बदलून साडेचार महिने झाले. ऑपरेशन तसं छान झालंय, गुडघा ११० पर्यंत वाकतो, काठी सुटली, सकाळचं दूध स्वतः जाऊन आणते. आधीची तीन वर्षं गिरणीतून दळण आणायलाही रिक्षा लागायची, म्हणजे तुम्हीच समजा. त्याबद्दल तक्रार नाही.

पण टाक्यांच्या रेषेच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधीर आहे. अगदी पहिल्या दिवसापासून. आम्हाला वाटलं कमरेत इंजेक्शन दिलंय त्याचा असर असेल, उतरेल. नाही उतरला. आई म्हणते दुसऱ्या कुणाचं तरी कातडं शिवून लावल्यासारखं वाटतं. परवा तिथे डास बसलेला तिला दिसला, चावलेला कळला नाही.

मागच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "ते होतंच, स्किनची नस कापली जाते, लक्ष देऊ नका," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. झालं. 'नस कापली' हे दोन शब्द आईने ऐकले आणि तिथून सगळं बिनसलं. शेजारच्या काकू म्हणतात ही सरळ सरळ चूक आहे, केस करा. मामा म्हणतो रोबोटने केलं असतं तर नस वाचली असती, तुम्ही पैसे वाचवले. उजवा गुडघा दिवाळीनंतर करायचा ठरला होता, आता आई म्हणते एका पायाची नस दिली तेवढी पुरे झाली. आणि उजवा तर डाव्यापेक्षा खराब आहे हो!

त्यात गेल्या आठवड्यात इकडे धो धो पाऊस, गारठा, तर हिने मालिका बघता बघता गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर धरली. उठली तेव्हा बधीर जागेवर रुपयाएवढा फोड. तिला काही म्हणजे काही कळलं नाही. तेव्हापासून मलाच झोप नाही.

तर विचारायचं हे की खरंच काही चुकलंय का, ही जाणीव परत येते का, आणि दुसऱ्या पायाला हे टाळता येतं का? ज्यांच्या घरी झालंय त्यांनी सांगा.

—

कोथरूडच्या_काकू:

अगं बाई, माझे दोन्ही गुडघे बदललेत, एक २०१९ ला आणि दुसरा २०२२ ला, आणि दोन्हीकडे अगदी हेच झालं. बाहेरच्याच बाजूला. पहिल्या वेळी मीही घाबरले होते, कारण मलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या वेळी मीच डॉक्टरांना सांगितलं की बधीर होणार आहे ना, माहितीये मला, पुढे बोला.

मी काय केलं सांगते. दर महिन्याच्या १ तारखेला कापसाची वात घ्यायची, देवाची असते ना तीच, आणि बाहेरून टाक्यांकडे हलकेच फिरवत यायचं. जिथे 'आता कळेना' होईल तिथे बॉलपेनने ठिपका. असे आठ-दहा ठिपके चारी बाजूंनी काढले की जोडायचे आणि फोटो काढून ठेवायचा. नातू म्हणायचा आजीच्या पायावर श्रीलंका काढलीय. पहिल्या गुडघ्याची श्रीलंका वर्षाभरात दोन बोटांएवढी राहिली. दुसरी मात्र हट्टी, तिथे अजून पूजेच्या सुपारीएवढी जागा आहे ती आहेच. पण आता मुद्दाम हात लावल्याशिवाय आठवतही नाही.

मधे मधे मुंग्या येतील, कधी बारीक करंट मारल्यासारखं होईल. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे खाज! आतून खाज येते आणि वरून खाजवलं तर बोटं कुणा दुसऱ्याच्याच पायावर फिरतायत असं वाटतं, काही समाधान नाही. मी वैतागून रडले होते एकदा. जाते तीही.

आईला म्हणावं उजवा करून घे. एक चांगला आणि एक खराब गुडघा घेऊन चालणं म्हणजे बैलगाडीला एक चाक ट्रॅक्टरचं लावल्यासारखं आहे, मी तीन वर्षं काढलीयेत तशी.

—

चढाईपटू_कागल:

गुडघा बदलायलाच पाहिजे असं काय नाही ताई, माझं वय २८ आणि माझी पण तीच जागा बधीर हाय. कबड्डीत लिगामेंट तुटलं, एसीएल, दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. दुर्बिणीची भोकं बारीकच असतात पण नवीन लिगामेंट बनवायला मांडीच्या मागची शीर काढतात, त्यासाठी गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला दोन बोटांचा काप घेतात, तिथंच ती नस गावती म्हणे. पाच वर्षं झाली. खेळतो अजून. फक्त मॅटवर गुडघा टेकला की एका बाजूला टेकल्याचं कळतंय आणि दुसऱ्या बाजूला नाही, त्याची सवय व्हायला एक सीझन गेला.

—

अस्थि_वैद्य:

मी गुडघ्याचीच ऑपरेशनं करतो, गेली सतरा वर्षं. नावगाव देत नाही, सल्ला म्हणूनही धरू नका कारण आईंना मी तपासलेलं नाही, पण हा प्रश्न मला ओपीडीत आठवड्यातून दोनदा तरी येतो म्हणून लिहितो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे नस म्हटलं की सगळं त्यात येतं, रक्ताची शीर, स्नायूचा दोरा, पाठीची नस, कानामागची नस, आत्ता वर एकाने लिगामेंटसाठी काढतात त्या दोरीलाही शीरच म्हटलंय. त्यामुळे 'नस कापली' ऐकलं की माणसाला वाटतं पायातली ताकद गेली नाहीतर रक्त थांबलं. आईंची जी गेलीय ती यातली कुठलीच नाही. चामडीला स्पर्श कळवणारी एक बारीक फांदी गेलीय, जाड दोऱ्याएवढी.

ती कुठून येते बघा. मांडीत फिमोरल नावाची मोठी नर्व्ह उतरते, तिची एक लांबलचक शाखा म्हणजे सॅफेनस. ही शाखा फक्त जाणिवेची आहे, एकही स्नायू ती हलवत नाही. मांडीच्या आतल्या बाजूने ती गुडघ्यापर्यंत येते, तिथे तिला एक फाटा फुटतो, इन्फ्रापटेलर ब्रँच, म्हणजे वाटीच्या खालची फांदी. हा फाटा गुडघ्याच्या आतल्या बाजूकडून निघतो आणि वाटीखालून आडवा बाहेरच्या बाजूला जातो. आता आमचा काप कसा असतो? उभा, मधोमध, वाटीच्या वरून खाली नडगीवरच्या उंचवट्यापर्यंत, सहा ते आठ इंच. नगरपालिकेने रस्त्यात उभा चर खणला आणि आडवी गेलेली केबल तुटली तर काय होतं, चराच्या अलीकडची घरं चालू आणि पलीकडची बंद. म्हणून बधीरपणा कायम टाक्यांच्या बाहेरच्या बाजूलाच असतो, आतल्या नाही. आईंचं वर्णन पुस्तकात लिहावं इतकं बरोबर जुळतंय.

तेव्हा हे चुकून झालेलं नाही, कापासोबत येणारंच आहे. थोडं किंवा जास्त, पण बहुतेक पेशंटना होतं. काहींना जाणवत नाही कारण ते तिथे हातच लावत नाहीत.

टाळता येतं का? काप जरा बाहेरच्या बाजूला सरकवला तर बधीर भाग लहान राहतो असं अभ्यासांत दिसलंय. पण शून्य होत नाही आणि गुडघा पुढे कसा चालतो यात त्याने फरक पडलेला दिसत नाही. मधला काप आम्ही धरून बसतो कारण सांध्यात दोन्ही बाजूंना नीट पोचता येतं आणि पुढे कधी पुन्हा उघडायची वेळ आली तर तीच रेष वापरता येते. बरं, तो धागा शोधून वाचवू म्हटलं तर प्रत्येकाचा रस्ता वेगळा, कुणाला एकच फाटा, कुणाला दोन-तीन, आणि सगळे चरबीत लपलेले. अर्धा तास त्यात घालवण्यापेक्षा सांधा सरळ बसवण्यात घालवलेला बरा, हे माझं मत, काही सहकारी वेगळं सांगतील.

मामांना सांगा, रोबोट हाड किती आणि कुठे कापायचं आणि इम्प्लांट कसं बसवायचं यात मदत करतो. चामडी सर्जनच उघडतो, हातातल्या ब्लेडने. त्या फांदीला रोबोट आहे की नाही याचा पत्ताही लागत नाही.

परत येण्याबद्दल. कापलेली नस टोकापासून वाढते, वेग साधारण दिवसाला १ मिलिमीटर धरतात, पण ती बरोबर जागी पोचेलच असं नाही. जास्त काम शेजारच्या नसा करतात, त्या आपले कोंब या रिकाम्या जागेत घालतात, म्हणूनच काकूंची श्रीलंका कडेने आत आकसत गेली. (काकू, तुमची पद्धत मी उचलणार आहे.) पहिल्या वर्षात बराच फरक पडतो, दोन वर्षांपर्यंत थोडं थोडं, त्यानंतर जे उरलं ते बहुधा उरतंच. साडेचार महिन्यांना निकाल लावायची घाई नको.

—

साताऱ्याची_लेक:

डॉक्टर, खूप खूप आभार. तुमचं सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. चराचं उदाहरण तिला लगेच पटलं, आमच्या गल्लीत गेल्याच महिन्यात तसंच झालं होतं, पलीकडच्या बाजूचं इंटरनेट चार दिवस बंद.

एक राहिलं. टाक्यांच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा खाली एक ठिकाण आहे, तिथे बोटाने टकटक केलं की तिला बाहेरच्या बाजूला झिणझिण जाते. दुखत नाही म्हणते, नुसती झिणझिण. हे काय? आणि फोडाचं काय करू, त्यावर हळद लावलीय तिने.

—

फिजिओ_नाशिक:

मी फिजिओथेरपिस्ट. झिणझिण जाते ते बहुतेक त्या कापलेल्या फांदीचं टोक आहे, टकटक केल्यावर नसेच्या वाटेने करंट जाणं याला आम्ही टिनेल म्हणतो. नुसती झिणझिण असेल तर ती नस जागी आहे एवढंच समजा. पण तेच ठिकाण जर असं झालं की परकराचा काठ लागला तरी जीव जातोय, रात्री चादर सहन होत नाही, आग होते, तर मात्र दाखवा, कारण कधी कधी कापलेल्या टोकाला गाठ धरते, न्यूरोमा म्हणतात. ती थोड्याच लोकांना होते पण ज्यांना होते त्यांचा चांगला बसलेला गुडघासुद्धा वाया गेल्यासारखा वाटतो, एक्सरे एकदम छान आणि पेशंट रडतोय. मग लोक इम्प्लांट खराब निघालं म्हणून फिरत बसतात. तिथे भूल देणारं इंजेक्शन नेमकं त्या जागी देऊन बघतात, दुखणं गेलं तर कळतं की सांधा नाही, नसच आहे. पुढे मलमं, गोळ्या, कधी ती नस सुईने सुन्न करणं, आणि अगदीच नाही जमलं तर छोटं ऑपरेशन करून ते टोक काढून टाकणं, असे उपाय आहेत.

गोळ्यांवरून आठवलं. गॅबापेंटिन, प्रीगाबलिन या नसेच्या दुखण्याच्या गोळ्या आहेत, बधीरपणाच्या नाहीत. दुखत नसेल तर कशाला? वयस्कर माणसाला त्याने गुंगी येते, रात्री संडासला उठले की तोल जातो, आणि नवीन गुडघ्यावर पडणं यापेक्षा वाईट काही नाही. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका. बी ट्वेल्व्हच्या गोळ्या तर आपल्याकडे प्रसादासारख्या वाटतात, शरीरात कमी असेल तर जरूर घ्या, पण त्याने कापलेली नस जोडली जात नाही. आईंना शुगर आहे का? मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी ट्वेल्व्ह तपासून घ्या, तो वेगळा विषय आहे, त्यात दोन्ही पावलांना मुंग्या येतात.

आता फोड. हळद धुवा आधी, साध्या पाण्याने. फोडू नका. स्वच्छ कोरडी पट्टी, आणि उद्याच्या उद्या सर्जनला दाखवा, फोनवर फोटो नको, प्रत्यक्ष. एरवी रुपयाएवढ्या फोडाला मी एवढं म्हटलं नसतं, पण हा नवीन सांध्याच्या वरच्या चामडीवर आहे, तिथे पू धरला तर आत जायला नको. लाली पसरली, पाणी गळायला लागलं, ताप आला तर उद्याचीही वाट बघू नका.

इथून पुढे त्या पायाला गरम पिशवी बंद. विजेचा पट्टा बंद. बर्फही थेट नको, टॉवेलमध्ये गुंडाळून दहा मिनिटं, घड्याळ लावून, कारण 'खूप झालं आता' हे सांगणारा पहारेकरीच तिथे झोपलाय. वेदनेचे बाम चोळणाऱ्यांचंही तेच, बधीर जागेवर चोळत राहतात कारण लागतच नाही, मग चामडी सोलवटते. माझ्याकडे एक आजोबा आले होते, गरम विटेने शेकलेले! वीट!

बधीर जागा जागी करायला एक करता येतं, फोड पूर्ण बरा झाल्यावर. आधी कापूस, मग जुन्या धोतराचं मऊ कापड, मग साधा पंचा, मग खरखरीत टॉवेल, दिवसातून तीन-चारदा दोन-तीन मिनिटं, चांगल्या चामडीकडून बधीर जागेकडे. कापसाला आठवडा द्या, मग पुढच्या कापडावर जा. डोळे उघडे ठेवून करा, दिसतंय आणि जाणवतंय याची मेंदूला जोडणी होऊ द्या. नस याने वाढत नाही, पण ते 'दुसऱ्याचं कातडं' वाटणं कमी होतं. रोज करणारे पेशंट आणि न करणारे पेशंट यांच्यात मला तरी फरक दिसतो.

—

वऱ्हाडी_माणूस:

सगळे म्हणून राहिले की काही नाही होत, तर मी थोडं दुसरं सांगतो, घाबरवायला नाही.

माझ्या बाबांचे गुडघे आत वळलेले होते, चालताना एकमेकाला घासायचे आणि पावलं फाकलेली. एक गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओवाली मॅडम म्हणाली काका पाऊल वर उचला, तर अंगठा हलेच ना. खाली दाबता येत होतं, वर येत नव्हतं. आणि बधीरपणा कुठे, तर नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाच्या वरच्या अंगाला. आम्हीही आधी हेच म्हटलं की भूल उतरली नसेल. ती मॅडम मात्र पळत गेली आणि डॉक्टरला घेऊन आली. त्यांनी पट्टी ढिली केली, गुडघ्याखाली उशी देऊन तो थोडा वाकवून ठेवला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालून एक दुसरी नस जाते, पेरोनियल, ती ताकदीची पण आहे. वाकडा पाय सरळ केला की ती ताणल्या जाते. तुमच्या आईचं हे नाही, पण लोक दोन्हीला 'नस' च म्हणतात ना.

बाबांच्या पायातून चप्पल निसटून जायची, घरात फरशीवर पाऊल फट फट वाजायचं. प्लास्टिकची पट्टी बुटात घालून चालायचे. अंगठा हलायला चार महिने लागले, पाऊल पुरतं उचलायला अकरा. आता दिसतात चांगले, थकले की अजून थोडं घासते. माझं म्हणणं एवढंच की उजव्या पायाच्या वेळी शुद्धीवर आल्यापासून आईला पाऊल वर-खाली करायला लावत जा, आणि वर येत नसेल तर नर्सला लगेच सांगा, सकाळच्या राऊंडची वाट पाहू नका.

—

अस्थि_वैद्य:

वऱ्हाडी माणूस यांनी फार कामाचं लिहिलंय. ते पेरोनियलचं दुखणं क्वचित होतं, शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी, पण आत वळलेले गुडघे आणि बरीच वर्षं वाकूनच राहिलेले गुडघे यांत धोका जास्त. म्हणून अशा पेशंटला मी आधीच सांगतो आणि रात्री स्वतः अंगठा हलवून बघतो.

जागेवरून ओळखा. टाक्यांच्या बाहेर वाटीखाली बधीर, पाऊल व्यवस्थित हलतंय, तर ती आपली चामडीची फांदी. नडगीबाहेर आणि पावलावर बधीर, अंगठा वर येत नाही, तर तातडी. पहिल्या दिवशी पोटरीची आतली बाजू घोट्यापर्यंत बधीर असेल तर बहुतेक वेळा तो मांडीत दिलेल्या ब्लॉकचा, म्हणजे नस बधीर करणाऱ्या इंजेक्शनचा असर, तो ब्लॉक त्या सॅफेनसलाच झोपवतो, एक-दीड दिवसात उतरतो. आणि पोटरी सुजून दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल तर नस विसरा, रक्ताच्या गाठीची शंका घ्या आणि त्याच दिवशी दाखवा.

—

लीड्सची_नर्स:

मी इंग्लंडमधे ऑर्थोपेडिक वॉर्डला आहे, मूळची सांगलीची. इकडे संमतीच्या फॉर्मवर जखमेभोवती बधीरपणा हे लिहिलेलंच असतं, इन्फेक्शन, रक्ताची गाठ, ताठरपणा यांच्या जोडीला. ऑपरेशनच्या काही आठवडे आधी पेशंटला बसवून सांगतात. आणि तरीही सांगते, दोन दिवसांनी पेशंट विचारतात, "हे बधीर का?" कारण त्या वेळी त्यांचं सगळं लक्ष 'दुखेल का' यावर असतं. पण सांगितलेलं आठवून दिलं की ते लगेच शांत होतात, 'हो की, म्हणाले होते'. तुमच्या आईला तेवढंच मिळालं नाही.

माझ्या आईचं ऑपरेशन तिकडे झालं तेव्हा फॉर्मवर सही घेतली ती स्ट्रेचरवर, चष्मा माझ्या पर्समधे. तिने कुठे सही केली तिलाच माहीत नाही.

—

कोर्टाची_पायरी:

केस करा म्हणणाऱ्या शेजारीणबाईंसाठी. सुप्रीम कोर्टाने २००८ साली संमतीवर सविस्तर निकाल दिलाय, की पेशंटला उपचार काय, का, पर्याय काय, मोठे धोके काय हे कळेल इतकी माहिती देऊनच संमती घ्यायची, पण बारीकसारीक आणि दूरच्या धोक्यांची जंत्री वाचायला हवी असं नाही. ही फांदी कापली जाणं म्हणजे निष्काळजीपणा, हे सिद्ध करायला कुठला सर्जन साक्षीला येणार? सगळ्यांचीच कापली जाते. आधी सांगायला हवं होतं ही तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे, ती डॉक्टरांसमोर बसून करा, कोर्टात वर्षं घालवू नका. फाइल, डिस्चार्ज कार्ड आणि संमतीच्या फॉर्मची झेरॉक्स मागून घ्या, दुसऱ्या ऑपरेशनला तसंही लागेल.

—

मिरजकर७२:

माझा प्रश्न जोडून विचारतो. अम्मीचा गुडघा बदलून दहा महिने झालेत, तिलाही बाहेरून बधीर आहे. ती खुर्चीवर नमाज पढते पण तिला सजद्याला खाली जायचंय, रमजानच्या आधी. डॉक्टर म्हणाले हरकत नाही. ती म्हणते टेकला की विचित्र वाटतं, गुडघा आपला वाटत नाही, आतलं लोखंड मोडेल.

—

फिजिओ_नाशिक:

मोडत नाही. जखम पूर्ण भरलीय आणि सर्जननी हो म्हटलंय तर गुडघा टेकता येतो, खूप लोक ते निव्वळ भीतीने सोडून देतात आणि त्या भीतीचं निम्मं कारण हा बधीरपणाच असतो, टेकलेलं नीट कळत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं. आधी पलंगाच्या गादीवर गुडघे टेकून, हात पुढे ठेवून अर्धा मिनिट. ते जमलं की जमिनीवर जाड चादरीची घडी, शेजारी खुर्ची उठायला. मग जानमाज, खाली पातळ उशी. वर जाताना चांगला पाय पुढे. टेकून उठल्यावर चामडी बघायची, खडा वगैरे रुतला असेल तर कळलेलं नसतं. माझ्याकडच्या एक आजी याच पद्धतीने आषाढीला विठोबासमोर गुडघे टेकून आल्या, सांगत होत्या गर्दीत उठवायलाच चार जणं लागली पण टेकले बाई.

—

साताऱ्याची_लेक:

अपडेट देते, दहा दिवसांनी.

फोड त्याच दिवशी दाखवला, वरवरचा होता, पट्टी केली, आता खपली पडलीय. गरम पाण्याची पिशवी मी पुण्याला घेऊन आले, आई म्हणाली चोर.

डॉक्टरांना जाऊन भेटले, आईला घेऊन, मुद्दाम शेवटचा नंबर घेतला. म्हटलं तुम्ही एक वाक्य आधी बोलला असतात तर हिने तीन महिने 'माझी नस कापली' म्हणत काढले नसते. ते जरा गप्प बसले. मग त्यांनी ड्रॉवरमधून मार्कर काढला आणि आईच्या उजव्या गुडघ्यावर, म्हणजे अजून न केलेल्या, काप कुठे येणार ती रेष ओढली आणि बाहेरच्या बाजूला गोल काढून म्हणाले एवढा भाग झोपणार, नंतर कडेने जागा होत जाईल, पूर्ण होईलच असं नाही. काप जरा बाहेर घेता येईल का विचारलं, म्हणाले थोडा घेईन, पण वचन देत नाही. पाऊल वर-खाली करण्याचंही विचारलं, त्यावर म्हणाले हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आईने घरी येऊन तो गोल दोन दिवस धुतला नाही. शेजारच्या काकूंना साडी वर करून दाखवला की हे बघा, एवढंच.

दिवाळीनंतरची तारीख परत घेतलीय, तुळशीच्या लग्नानंतर, त्याआधी ती ऐकणार नाही. डाव्या पायाची वातीने मापं घेतली, कोथरूडच्या काकू, आमची श्रीलंका नाही झाली, साधारण पेरूच्या फोडीसारखी दिसते. तुमचं दर महिन्याच्या १ तारखेला असं का, काही कारण आहे का कुठलाही दिवस चालतो?

—

कोथरूडच्या_काकू:

काही कारण नाही गं, १ तारखेला पेन्शन जमा होते, ती तारीख विसरत नाही.